राष्ट्राध्यक्ष येणार की नाही यावर पैसे लावायचं अ‍ॅप: कोणतं बरं?

शेंगाचटणी:
नमस्कार मंडळी. आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टपरीवर सध्या हाच विषय आहे. 'अमुक देशाचा अध्यक्ष अमुक तारखेच्या आत भारतात येईल का?' असा प्रश्न, आपण 'हो' किंवा 'नाही' घ्यायचं. मित्राने पॉलिमार्केट नावाचं परदेशी अ‍ॅप दाखवलं. 'हो'चा भाव ३० सेंट, पाहुणा आला तर पूर्ण एक डॉलर हातात, नाही आला तर शून्य. मी आंतरराष्ट्रीय बातम्या रोज वाचतो. क्रिकेटवर लावण्यापेक्षा हे डोक्याचं काम वाटतं. प्रोबो या आपल्याकडच्या तसल्याच अ‍ॅपवर आता पैशाचे खेळ नाहीत. मग दुसरं कोणतं घेऊ आणि पैसे कसे भरू? पाच हजारांपर्यंत तयारी आहे.

जुनी_मिल_अण्णा:
काय विचारलालास बे! मटकासुद्धा असाच सुरू झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेने मुंबईत यायचे, त्यांच्या ओपन-क्लोजवर लोक आकडा लावायचे. तेही स्वतःला बाजाराचे जाणकारच समजायचे. आमच्या चाळीत पगाराच्या दिवशी आकडे घेणारा खायवाल दारात उभा असायचा. आता तो मोबाइलमध्ये बसलाय, एवढंच.

हिशेबनीस:
अण्णा, मटक्यात निदान पैसे कुठे गेले ते कळायचं 🙂

शेंगाचटणी, भरण्याचंच आधी बोलू, कारण लोक तिथेच अडकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, मग कौशल्य म्हणा की नशीब. परदेशातून चालवलेली सेवाही त्यात येते. प्रोबोने पैशाचे व्यवहार त्यानंतरच थांबवले. शिक्षेचा रोख चालवणाऱ्यांवर आणि जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यांवर नाही. पण म्हणून तुमचे पैसे सुरक्षित होत नाहीत. उद्या खातं अडकलं तर तक्रार कोणाकडे करणार? ओपिनियन ट्रेडिंग, म्हणजे असं 'हो-नाही'वर पैसे लावणं, आपल्या कक्षेत येत नाही, हे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने एप्रिल २०२५ मध्येच सांगून ठेवलंय.

पॉलिमार्केटवर क्रिप्टो लागतं. ते तुम्ही टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाकडून घेणार किंवा त्याला विकणार. विकताना त्याने पाठवलेले पैसे कुठल्या फसवणुकीतले निघाले, की सायबर पोलिसांच्या पत्रावरून बँक तुमचं खातं गोठवते. पाच हजारांच्या नादात पगाराचं खातं बंद. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहेच, आणि तोटा कशातूनही वजा करता येत नाही.

मित्राने रेफरलची लिंक दिली असेल तर ती पुढे ग्रुपवर टाकू नका. जाहिरातीचं कलम कडक आहे.

विजापूर_रोड_वाचक:
कायदा क्षणभर बाजूला ठेवू. हा डाव बातम्या वाचणाऱ्याचा आहे का, यावरच मला शंका आहे. जाहीर झालेले दौरेसुद्धा मोडतात. डिसेंबर २०१९ मध्ये शिंझो आबे गुवाहाटीला येणार होते, आंदोलनं पेटली, दोन दिवस आधी दौरा लांबला. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाला बोरिस जॉन्सन पाहुणे ठरलेले, ५ जानेवारीला कोरोनामुळे नकार. ट्रम्पनी ऑगस्ट २०१९ मध्ये ग्रीनलँड विकायला डेन्मार्क तयार नाही म्हणून दौराच रद्द केला. उलट २५ डिसेंबर २०१५ ला मोदी काबूलहून परतताना लाहोरला उतरले, आदल्या दिवशी कुणाला पत्ता नव्हता. आणि अटक वॉरंट असताना पुतिन जाणार नाहीत असं धरून बसलेल्यांना त्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियात जाऊन दाखवलं. तो देश आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य आहे!

शिवाय नियम वाचलेत का? विमान इंधनासाठी थांबलं तर तो दौरा धरायचा का? मुदत बऱ्याचदा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या रात्री ११:५९ ची असते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडलेली.

समोर कोण बसलंय तेही बघा. जानेवारी २०२६ मध्ये व्हेनेझुएलाचे अध्यक्ष मादुरो यांना अमेरिकेने पकडण्याच्या थोडं आधी एका नव्या खात्याने त्यावर पैसे लावले आणि चार लाख डॉलरहून जास्त उचलले. दौऱ्याचंही तेच. सुरक्षेची आगाऊ तुकडी, हॉटेलची बुकिंग, हे ज्याला आधी कळतं तो तुमच्या ३० सेंटची वाट बघत बसलेला असतो.

शेंगाचटणी:
बरं, पैसे राहू द्या. पण अंदाज बांधायची खाज आहे, तिचं काय करू?

विजापूर_रोड_वाचक:
मग मेटाक्युलस घ्या. तिथे पैसे लागत नाहीत, टक्क्यांत अंदाज द्यायचा आणि गुण मिळवायचे. बाजाराची मजाच हवी असेल तर मॅनिफोल्ड, तिथे लुटुपुटूचं चलन चालतं. माझी पसंती मेटाक्युलसला, कारण लोक खाली आपली कारणं लिहितात आणि ती वाचण्यासारखी असतात.

टपरीवर वहीतही जमेल. ब्रायर गुण काढा, म्हणजे अंदाज आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग: ७० टक्के म्हणालात आणि पाहुणा आला, तर ०.३ चा वर्ग, ०.०९. नाही आला तर ०.४९. कमी तेवढं चांगलं. डोळे मिटून कायम ५० टक्के म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात, म्हणजे सरासरी त्याच्या खाली आली तरच तुमचं वाचन कामाला आलं म्हणायचं.

शेंगाचटणी:
हे आवडलं. मेटाक्युलस मराठीत आहे का? टपरीवरच्या दोघांचं इंग्रजी बेताचं आहे.

हिशेबनीस:
मराठीत नाही. त्या दोघांना वहीवर घ्या, भज्यांचं बिल सर्वांत जास्त ब्रायरवाल्याने द्यायचं.

जुनी_मिल_अण्णा:
भजी कुठली ते आधी ठरवा बे.