लग्नाआधी लस म्हणजे दुकानदारी?

येळ्ळूरचा शेतकरी: बाळाचा विचार करायच्या आधी रक्त तपासा, लसी घ्या, ही डॉक्टरांची नवी दुकानदारी. आमच्या आयांनी काय घेतलं होतं?

निपाणीची लेक: काका, हे वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या मावसबहिणीला तिसऱ्या महिन्यात अंगावर बारीक पुरळ उठलं, दोन दिवस कणकण. उष्णता म्हणून सब्जा पाजला. पोरगं जन्मलं ते दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. कानाशी ताट आपटलं तरी दचकायचं नाही. रुबेला होता तो. धनुर्वाताचं इंजेक्शन पोटुशी असताना चालतं, रुबेलाची लस नाही चालत. तिच्यात जिवंत विषाणू असतो. घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. म्हणून आधीच घ्यायची.

खानापूरवाला: 2017 च्या फेब्रुवारीत शाळेशाळेत दिली की कर्नाटकानं, महाराष्ट्राच्याही आधी. आता परत कशाला?

निपाणीची लेक: ती 15 वर्षांपर्यंतच्या मुलांना. तेव्हा सतरा-अठराच्या असलेल्या पोरींचीच लग्नं आता चाललीत.

वडगावकर: शाळेतलीही सुटली. पुतणीच्या मराठी शाळेतून चिठ्ठी आली ती कन्नडमध्ये. वहिनीला एक अक्षर लागेना. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं, ही सुई घेतली की पुढं मूल होत नाही. तिनं पोरीला घरीच ठेवलं. 15 टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं परिपत्रकं त्यांच्या भाषेत द्यायची, हे ठरलेलं आहे ना? मग आमच्या जिवाचं कागद आम्हाला का वाचता येऊ नये?

अनगोळची सून: प्रत्येक गोष्टीत भाषा आणू नका हो. नर्सबाईंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं? मी इथं आल्यावर कन्नड शिकले.

वडगावकर: शिकलात, चांगलं केलंत. आमच्या घरात सुई टोचायची की नाही ते आई ठरवते, सत्तरीची. तिला शिकवायला येता?

अनगोळची सून: आवाज चढवू नका. चिठ्ठी मराठीत हवी होती, एवढं मान्य. पण अफवा तर मराठीतच आली होती ना?

येळ्ळूरचा शेतकरी: आमच्या गल्लीत एक पोरगं तसंच होतं. आईनं ग्रहण बघितलं म्हणायचे सगळे. जन्मभर तिला बोल लागला. दुकानदारीचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पण धाकटीचं लग्न तुळशीनंतर आहे. दिवाळीच्या आधी टोचलं तर चालेल का, तेवढं सांगा.

निपाणीची लेक: दसऱ्यालाच न्या, काका. कांजिण्या झाल्या नसतील तर त्याचेही दोन डोस आहेत, मध्ये निदान महिनाभर अंतर लागतं.