जुना विंडसर्फिंग बोर्ड आहे, शीड नाही. उभ्याने वल्हवायचा करता येईल का?

खारफुटी:
नमस्कार मंडळी. मामांनी कुलाब्याचं घर रिकामं करायला काढलं आणि मला फोन आला, "तुला हवा असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारवाला येतोच आहे." वस्तू म्हणजे त्यांचा विंडसर्फिंगचा बोर्ड. शीड कधीच फाटून गेलंय आणि डोलकाठी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या कामी आली आहे. उरला नुसता बोर्ड. छोट्या हत्तीतून, मागे लाल फडकं बांधून चारकोपला आणला, आता आमच्या स्टिल्टमध्ये (बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये) भिंतीला टेकून उभा आहे. सेक्रेटरींनी अजून नोटीस लावलेली नाही, पण येता-जाता बघतात.

टेप लावून मोजला. लांबी ३७२ सेंमी, रुंदी साडेत्रेसष्ट. वजन करायला मी तो उचलून बाथरूमच्या काट्यावर उभी राहिले, माझं वजन वजा केलं तर १९ किलोच्या वर भरतो. मधोमध आरपार खाच आहे, तिच्यातून खाली पातं सोडतात (ते पातं आहे, पण खाचेच्या तोंडाशी असलेले रबराचे ओठ कुजलेत). पुढे डोलकाठीचा सरकता ट्रॅक, मागे पाय अडकवायच्या पट्ट्यांची भोकं. शेपटाकडे हलवलं की आत कुठेतरी खळखळतं.

मला शीड नको. मार्वे-मनोरीच्या खाडीत सकाळी उभं राहून वल्हवायचंय, एवढीच हौस. माझं वजन ५८, पोहता चांगलं येतं. आमच्याकडे पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा एक फायबरवाला आहे, तो म्हणतो, "मॅट आणि रेझिन मारून खाच कायमची बुजवतो, दोन दिवसांचं काम." द्यावं का त्याच्याकडे? आईचं मत विचारू नका, ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे.

स्लो_लोकल:
हवा भरून फुगवायचा बोर्ड मिळतो ना ऑनलाइन. पाठीवरच्या पिशवीत मावतो, लोकलने नेता येतो, सेक्रेटरीची कटकट नाही. १२ फुटी धूड कुठे वागवणार?

जुनं_शीड:
वरच्या सल्ल्यात व्यवहार आहे, नाही म्हणत नाही. पण घरात आलेला बोर्ड भंगारात घालायला माझा हात धजावणार नाही. पूर्वी मी गिरगाव चौपाटीवरून शीड लावून बाहेर पडायचो, नंतर बरीच वर्षं बोर्ड दुरुस्त केले. सवडीने वाचा, लांबण लागणार आहे.

ताई, फायबरवाल्याला आधी थांबवा. तुमची मापं 'मिस्ट्रल वन डिझाइन'ची आहेत. १९९६, २००० आणि २००४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये हाच बोर्ड होता, २००८ पासून त्याजागी आरएस:एक्स नावाचा बोर्ड आला. कोरडा असताना साधारण १५-१६ किलो भरायला हवा. तुमचा १९ च्या वर म्हणजे आत तीन-चार किलो समुद्र आहे. तो आत ठेवून वरून काहीही लिंपलंत तर उन्हात आतली हवा आणि वाफ फुगते आणि वरची कातडी सुटते.

दुसरं, आत काय भरलंय ते पाहिल्याशिवाय रेझिन लावायचं नाही. शेपटाकडे तळाला तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि ड्रिलला लागून काय येतं ते बघा. पिवळट-तपकिरी भुकटी आली तर पॉलियुरेथेन फोम. पांढरे गोल दाणे आले तर आपला थर्माकोलच, फक्त जरा घट्ट. आणि टाक्यावाला जे वापरतो ते पॉलिस्टर रेझिन, त्यातल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळतो. बाहेरून काम झकास दिसेल आणि आत मुठीएवढी पोकळी पडलेली असेल. थर्माकोलवर इपॉक्सीच लावायचं. त्याला जमत नसेल तर दुसरा माणूस बघा, किंवा स्वतः करा, अवघड नाही. (पॉलिस्टर कुठे वापरायची वेळ आलीच तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करायला घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं.)

आणखी एक चाचणी. काही जुन्या बोर्डांची कातडी पॉलिइथिलीनची असते. तुमचा तसला नसावा, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा असेल. कडेची एक बारीक साल काढून काडीने पेटवा. विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास आला तर ते पॉलिइथिलीन, त्याला इपॉक्सी चिकटत नाही. तिथे प्लास्टिक वेल्डिंगवालाच लागतो.

पाणी काढायचं असं. पाडलेलं भोक खाली येईल असा बोर्ड उभा करा, वरच्या टोकाला हवेचा स्क्रू असेल तर तो उघडा. आधी धार लागेल, मग थेंब, मग महिनाभर काहीच दिसणार नाही, तरी दाण्यांच्या फटींतून ओल येतच राहते. जवळ टेबलफॅन लावा. हे काम पावसाळ्यात काढू नका, मुंबईच्या जुलैत टॉवेल वाळत नाही तिथे बोर्ड काय वाळणार. दिवाळीनंतरची हवा उत्तम.

पाणी शिरलं कुठून ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. खालचं भोक चिकटपट्टीने बंद करा, हवेच्या स्क्रूच्या जागी नळी लावून तोंडाने फुंका (टायरवाल्याचा कॉम्प्रेसर नको, बोर्ड फाटेल) आणि साबणाचं पाणी फिरवा. मी बघितलेल्या बहुतेक बोर्डांत बुडबुडे ट्रॅकच्या स्क्रूंपाशी नाहीतर खाचेच्या कडेला जिथे वरची आणि खालची कातडी सांधलेली असते तिथे आले. पट्ट्यांच्या भोकांत नागदेवीहून आणलेले ३१६ स्टेनलेसचे आखूड स्क्रू इपॉक्सीत बुडवून बसवा, ३०४ ला खाऱ्या पाण्यात गंजाचे डाग पडतात. इपॉक्सीची दोन्ही द्रव्यं वजनकाट्यावर मोजायची, डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं हा समज खोटा आहे, ते कायमचं चिकट राहतं. दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट थर येतो, पुढचा हात देण्याआधी तो साध्या पाण्याने आणि घासणीने काढा.

आता खाच. माझं ठाम मत: बुजवू नका. पातं काढून ठेवा आणि खाचेच्या आकाराचा काढता-घालता येणारा बूच करा. थर्माकोल तासून, इपॉक्सीचा हात देऊन, तळाशी सपाट बसेल असा. रिकामी खाच ठेवलीत तर प्रत्येक वल्ह्याला पायाखाली गुळगुळ आवाज येतो, वर पिचकारी उडते आणि वेग मरतो. बूच काढला की तीच खाच उचलायला मूठ होते. शिवाय उद्या कुणी शीड दिलं तर? तुम्ही आज नको म्हणताय, बरं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुठल्याच रेझिनने सुटत नाही. विंडसर्फिंगमध्ये शीड नुसतं ओढत नाही, माणूस त्याला धरून उभा असतो. म्हणून साडेत्रेसष्ट सेंमी चालतात. वल्ह्याला धरून उभं राहता येत नाही. नवशिक्यांचे वल्हवायचे बोर्ड ८० च्या आसपास रुंद असतात ते याचसाठी. तुमच्या बोर्डाचं आकारमान दोनशे लिटरच्या वर आहे, म्हणजे बुडणार नाही, पण डुलेल. पहिले काही दिवस गुडघ्यावरच बसा. मग खाचेच्या दोन बाजूंना दोन पाय, नजर लांब, वल्हं पाण्यात. वल्हं पाण्यात असतं तोवर तो तुमचा तिसरा पाय असतो, हवेत उचलून थांबलात की पडलात. सुरुवातीला बूच काढून खाचेतलं पातं थोडं खाली सोडून बघा, डुलणं मंदावतं.

पायाखाली ईव्हीएची (चपलांच्या तळव्याच्या फोमची) पाच मिलिमीटरची शीट, ठक्कर बाप्पा कॉलनीत चपलांचं सामान विकतात तिथे मिळेल. चिकटवायला चांभाराचं सोल्यूशन, पण सगळी भोकं बंद झाल्यावरच. तेही आत गेलं तर थर्माकोल खातं. वल्हं तुमच्या उंचीपेक्षा २० सेंमी लांब, पात्याचा बाक पुढच्या बाजूला. सगळे उलटं धरतात.

मनोरीचा_नाखवा:
ताई, बोर्डाचं हे दादा बघतील, मी पाण्याचं सांगतो. तुम्ही चारकोपहून याल, रविवार बघून याल. रविवार नाही बघायचा, तिथी बघायची.

तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ येते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. खाडीत आत थोडं मागे-पुढे होतं. नवमी ते एकादशी हे तुमचे दिवस, सुद असो की वद. सकाळी भरती, आणि भांगाचं (कमी चढ-उताराचं) पाणी असल्यामुळे ओढ कमी. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहाला खाडी सुकलेली. उतरलात तर गुडघाभर चिखल, बोर्ड एकीकडे तुम्ही एकीकडे. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी पालिका छापते, ते दिवस तर नकोच.

सुकती (ओहोटी) लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सगळ्यात जोरात धावतं. सकाळी वाराही जमिनीवरून समुद्राकडे असतो. पाणी बाहेर, वारा बाहेर, आणि तुम्ही उभ्या, म्हणजे शीड नसलं तरी अंगाचं शीड होतं. तेव्हा भरती भरायला तासभर असताना उतरा, आत खारफुटीकडे जा (नाव तर तेच घेतलंय तुम्ही), पाणी थांबलं की लगेच फिरा. मुखाकडे जायचं नाही. अकरानंतर पश्चिमेचा वारा उठतो, त्याच्या आत घरी.

फेरीबोटीच्या वाटेत उभं राहू नका, तिला पटकन वळता येत नाही. जाळी बांधायचे खुंट आणि जाळी यांपासून लांब. धक्क्याच्या दगडांवर कालवं असतात, पाय चिरतात, जुने कॅनव्हासचे बूट घाला. आणि पायाला दोरी बांधतात तसली बांधून खुंटांत येऊ नका.

खारफुटी:
बापरे, आईला हे दाखवायचं नाही. नाखवादादा, कालनिर्णय आता फ्रिजवरून काढून बोर्डाशेजारी लावते.

शेपटाला भोक पाडलं. पांढरे दाणे! आणि पाण्याची धार, चव घेऊन बघितली, खारट. टाक्यावाल्याला नाही म्हटलं. दोन शंका. दोरी बांधायची की नाही? बोर्ड हातातून सुटला तर वाऱ्याने जाईल ना? आणि आमच्या एसीवाल्याकडे व्हॅक्यूम पंप आहे, तो लावला तर पाणी लवकर निघेल का?

जुनं_शीड:
दोरी हवीच, पण घोट्याला नाही. नाखव्याचं म्हणणं बरोबर आहे, वाहत्या पाण्यात दोरी खुंटात अडकली तर पाणी तुम्हाला ओढत राहतं आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. कमरेच्या पट्ट्याला बांधायची, पट्टा एका झटक्यात सुटणारा घ्यायचा, आणि तो झटका किनाऱ्यावर डोळे मिटून दोन्ही हातांनी मारून बघायचा. लाइफ जॅकेट वेगळं, ते पोहता येत असलं तरी. फिन (शेपटाखालचा पंख) लांब असेल तर बदला, मागे झुकलेला आखूड घ्या. खाडीत प्लास्टिकच्या पिशव्या इतक्या आहेत की उभा फिन दहा मिनिटांत कचरा गोळा करतो.

पंप चालतो, पण एसीवाले ओढतात तेवढं पूर्ण ओढायचं नाही, आतला थर्माकोल दबून बसेल. गेज लावून हलकं ओढा, मधेमधे सोडा. पंप नसला तरी बिघडत नाही, वेळ लागेल इतकंच. दर रविवारी त्याच काट्यावर वजन करा आणि बोर्डावरच पेन्सिलीने लिहा. लागोपाठ तीन आठवडे आकडा हलला नाही की भोक बंद करायचं, त्याआधी नाही. आणि वाळत असताना तोंड भिंतीकडे, सावलीत ठेवा, स्टिल्टमध्ये दुपारचं ऊन तिरकं येतं.