आजीच्या वडिलांचं नाव कुठेच नाही. डीएनए चाचणीतून शोध कसा घ्यावा?

प्रश्न
आजीच्या (वडिलांच्या आईच्या) जन्मनोंदीत वडिलांचा रकाना कोरा आहे. आजी हयात नाही. वडील आणि सख्खी आत्या आहेत. आजीच्या आईचं घराणं तीन पिढ्या मागेपर्यंत माहीत आहे. वडिलांची वाय-डीएनए चाचणी करायची असं ठरतंय. ते बरोबर आहे का? आणि मॅचच्या (ज्यांचा डीएनए आपल्याशी जुळतो अशा लोकांच्या) लांबलचक यादीतून एका माणसापर्यंत पोचायचं कसं?

उत्तर १
वाय चाचणी इथे नको, पैसे वाया जातील. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जातं, म्हणजे तुमच्या वडिलांचं वाय हे तुमच्या आजोबांच्या घराण्याचं. हव्या त्या माणसाचं, म्हणजे आजीच्या वडिलांचं, वाय आजीकडे आलंच नाही. मायटोकॉन्ड्रियल चाचणीही निरुपयोगी, कारण ती आजीच्या आईची बाजू दाखवते आणि ती तर तुम्हाला ठाऊकच आहे.

ऑटोसोमल चाचणी (आई आणि वडील दोघांकडून येणाऱ्या बाकीच्या गुणसूत्रांची) करा, आणि स्वतःची नव्हे, आधी वडिलांची व आत्याची. वडिलांच्या डीएनएत या माणसाचा वाटा सुमारे २५ टक्के, तुमच्यात त्याच्या निम्मा. भावंडांना आईकडून वेगवेगळे तुकडे मिळतात, त्यामुळे वडील आणि आत्या मिळून आजीचा सरासरी ७५ टक्के डीएनए हाती येतो. लाळ देण्याआधी अर्धा तास खाणं, पिणं, धूम्रपान नको. नळीतल्या रेषेपर्यंत लाळ भरायची, वरचा फेस त्यात धरायचा नाही. वयस्कर माणसांची नळी फेसानेच भरलेली दिसते आणि नमुना कमी पडतो.

किट मिळत असेल तर अँसेस्ट्री या चाचणी कंपनीपासून सुरुवात करा. डेटाबेस सर्वांत मोठा आणि दुसऱ्या कंपनीच्या चाचणीची फाइल ते घेत नाहीत, म्हणून चाचणी तिथेच करावी लागते. नंतर तिथली कच्ची फाइल (चाचणीचा मूळ डेटा) उतरवून जेडमॅचवर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली जुळवून बघणाऱ्या साइटवर, चढवा.

उत्तर २
निकाल आला की वडिलांच्या यादीतल्या ९० ते ४०० सेंटिमॉर्गनच्या (सामाईक डीएनए मोजायचं एकक; आकडा मोठा तितकं नातं जवळचं) मॅच घ्या आणि लीड्स पद्धतीने, म्हणजे मॅचचे गट पाडत, रंग द्या. पहिल्या मॅचला एक रंग, तिच्या सामाईक मॅचनाही (वडिलांशी आणि तिच्याशीही जुळणाऱ्यांना) तोच. मग रंग न लागलेली पुढची मॅच घेऊन नवा रंग. साधारण चार रंग निघतात, वडिलांच्या चार आजी-आजोबांचे. तीन रंगांत ओळखीची आडनावं, गावं सापडतील. ज्या रंगातलं कुणीच ओळखीचं नाही, तो हव्या माणसाचा. आजीच्या आईकडच्या एखाद्या नातेवाइकाची चाचणी मिळाली तर ही वजाबाकी फार पक्की होते.

आता त्या रंगातल्या प्रत्येकाची वंशावळ मागे न्या. दोन-तीन झाडांत एकच जोडपं दिसेल, दुसऱ्या दोन-तीन झाडांत दुसरं. मग दोन्ही जोडप्यांच्या वंशजांना खाली आणत या आणि एका घरचा मुलगा व दुसऱ्या घरची मुलगी यांचं लग्न कुठे झालं ते शोधा. तुमचा माणूस बहुधा त्याच लग्नातला मुलगा. लोक नेमके इथे घाई करतात: ऑनलाइन झाडं एकमेकांवरून उतरवलेली असतात, म्हणून प्रत्येक पिढीला जन्म, विवाह किंवा मृत्यूची मूळ नोंद हवी.

प्रश्नकर्ता
अनोळखी रंगात वडिलांची एक मॅच ४१२ सेंटिमॉर्गनची आहे. आजीच्या आईकडच्या कुणाशीही ती जुळत नाही. साइट ‘फर्स्ट-सेकंड कझिन’ म्हणते. नेमकं काय समजायचं?

उत्तर २
साइटचं लेबल सोडून द्या. फर्स्ट कझिन म्हणजे आजी-आजोबा सामाईक असलेलं भावंड, सेकंड कझिन म्हणजे पणजोबा-पणजी सामाईक असलेलं. चुलत, आते, मामे, मावस सगळे तिला सारखेच. ही व्यक्ती वडिलांचं पूर्ण मामे-मावस भावंड असती तर आजीच्या आईकडच्यांशीही जुळली असती. म्हणून दोन शक्यता पुढे येतात. एक, त्या माणसाच्या दुसऱ्या संसारातलं नातवंड, म्हणजे हाफ फर्स्ट कझिन, सरासरी ४४९ सेंटिमॉर्गन. दोन, त्याचा पुतण्या किंवा भाचा, सरासरी ४३३. आकड्यांवरून फरक कळणार नाही, वयावरून कळेल. वडिलांच्या वयाची व्यक्ती असेल तर पहिली शक्यता, आजीच्या पिढीतली असेल तर दुसरी. सेकंड कझिनही ५९२ पर्यंत जातो, त्यामुळे तेही खोडू नका. त्यांना पत्र लिहाल तेव्हा सगळी कहाणी सांगू नका. आजी-आजोबांची नावं आणि जन्मसालं एवढंच विचारा. बातमी त्यांच्या घरालाही नवी असू शकते.

उत्तर ३
वर सगळं बरोबर आहे, पण खरी अडचण शेवटी येते. त्या जोडप्याला तीन मुलगे निघाले तर? त्यांच्या बहिणींच्या वंशजांच्या कितीही चाचण्या केल्या तरी भावांमध्ये निवड होत नाही. प्रत्येक भावाच्या स्वतःच्या वंशजाची चाचणी हवी, आणि जमलं तर नातवाऐवजी मुलाची किंवा मुलीची. बरोबर भाऊ असेल तर त्याचं अपत्य वडिलांचा सावत्र मामा किंवा मावशी, सरासरी ८७१. चुकीचा असेल तर सरासरी ४३३. नातवंडांमध्ये तेच आकडे ४४९ आणि २२९, आणि १५६ ते ५९२ या पट्ट्यात काहीच ठरत नाही. आत्याचाही आकडा शेजारी ठेवून बघा.

एक्स गुणसूत्र विसरू नका. वडिलांचं एक्स फक्त आजीकडून आलंय. आजीला तिच्या वडिलांचं एक्स अखंड मिळालं होतं आणि त्यांना ते फक्त त्यांच्या आईकडून. म्हणून अनोळखी रंगातली मॅच वडिलांच्या एक्सवरही लांब जुळली, तर ती त्या माणसाच्या आईच्या बाजूची. वरच्या दोन घराण्यांपैकी आईकडचं कुठलं ते यातून कळतं.

घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं होत आली असतील तर सेंटिमॉर्गनच्या बेरजेवर विश्वास नको. ७-८ सेंटिमॉर्गनचे आठ तुकडे मिळून ६० होतात आणि नातं जवळचं वाटतं. सर्वांत लांब तुकडा बघा.

आणि कागद. आजीच्या जन्मतारखेतून २६६ दिवस वजा करा म्हणजे गर्भधारणेचा काळ कळतो, दोन्हीकडे दोन आठवडे सोडा. त्या महिन्यात तिन्ही भावांपैकी कोण आजीच्या आईच्या गावात होतं? जनगणना (जिथे तिच्या नोंदी खुल्या असतील तिथे), मतदार यादी, नोकरीची किंवा लष्करी नोंद यांत राहण्याचा पत्ता मिळतो. एखादा तेव्हा परदेशी तैनातीवर असेल, तर तो यादीतून कमी.