‘एकल पालक’, ‘एकपालकी कुटुंब’ की आणखी काही? विज्ञानपटांतल्या घरांसाठी शब्द हवे आहेत

गुहागरहून

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात मे महिन्याच्या सुट्टीत आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञानपट दाखवायचं ठरलंय. प्रत्येक चित्रपटाआधी अर्ध्या पानाचं मराठी टिपण वाटायचं आहे. ते लिहायला बसले तर लक्षात आलं, यादीतल्या बहुतेक चित्रपटांत आई-बाबा-मुलं असं घरच नाही. ‘ई.टी.’मध्ये वडील घर सोडून गेलेले, ‘कोई... मिल गया’त वारलेले, ‘इंटरस्टेलर’मध्ये आई नाही, ‘टर्मिनेटर २’मध्ये तर सगळंच निराळं. एका मैत्रिणीनं ‘अपारंपरिक कुटुंब’ सुचवलं, दुसरीनं ‘एकल कुटुंब’. दोन्ही खटकतात. समोर बसणाऱ्या मुलांतही अशा घरांतली मुलं आहेत, म्हणून शब्द जपून हवा आहे.

रत्नागिरीहून

ताई, ‘एकल कुटुंब’ नकोच. हिंदीत ‘एकल परिवार’ म्हणजे आई-वडील आणि त्यांची मुलं एवढंच घर, ज्याला आपण विभक्त कुटुंब म्हणतो. हिंदी वाचणाऱ्या मुलांना तुमचं टिपण बरोबर उलटं कळेल. ‘एकल’ माणसाला लावावं: एकल पालक, एकल माता, एकल पिता. अवस्थेला एकल पालकत्व. घरालाच नाव द्यायचं असेल तर ‘एकपालकी कुटुंब’.

‘अपारंपरिक’ म्हटलं की पुढे ‘ऊर्जा’च आठवते, सौर आणि पवनऊर्जेला तो शब्द चिकटला तो कायमचा. (आणि लिहिताना ‘पारंपरिक’. ‘पारंपारिक’ हे रूप फलकांवर सर्रास दिसतं, पण ते चूक.)

मालवणहून

वरचं सगळं मान्य. पण ‘अपारंपरिक’वर माझा आक्षेप आणखी मुळातला आहे. कोणाच्या परंपरेबाहेरचं? आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या बापूस मुंबईत गिरणीत नाहीतर बोटीवर, आणि घरात आवस, आजी, एखादी आत्या आणि पोरं. मनीऑर्डर यायची, बापूस गणपतीला नि शिमग्याला यायचा. पोरांच्या शाळेपासून भाताच्या तरव्यापर्यंत (रोपांपर्यंत) सगळे निर्णय आवशीचे. त्या घराला कोणी मोडकं म्हटलं नाही. पण एक गोष्ट मला कायम सलते: गेलेल्या माणसाला ‘चाकरमानी’ हा शब्द मिळाला, आणि मागे राहून घर हाकणारीला आपण शब्दच दिला नाही.

आता जुने शब्द बघा. विधवा, परित्यक्ता, कुमारी माता, पोरका, अनाथ. सगळे शब्द कोण नाही, काय झालं नाही, एवढंच सांगतात. मूल कोण वाढवतंय ते एकही सांगत नाही.

‘टर्मिनेटर २’मधल्या सारा कॉनरला यातला कुठला लावाल? तिच्या मुलाचा, जॉनचा, बाप काईल रीस मुलाच्या जन्माआधीच मारला गेला. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून ती विधवा नाही. त्यानं तिला टाकलं नाही, म्हणून परित्यक्ताही नाही. ‘कुमारी माता’ नियमात बसतो, पण तो उच्चारताना आपल्याकडे आवाज खाली येतो, आणि सारा तर मान वर करून उभी असलेली बाई. १९९१च्या त्या चित्रपटात ती आपल्या मुलाला यंत्रमानवाबरोबर खेळताना बघते आणि मनाशी हिशेब करते, की हा मुलाला सोडून जाणार नाही, दारू पिऊन मारणार नाही, वेळ नाही म्हणणार नाही. आजवर आलेल्या-गेलेल्या पुरुषांत कसोटीला उतरला तो हाच. तिथे ‘पालक’ हा शब्द त्याच्या मूळ अर्थाला भिडतो. पालन करील तो पालक. त्यात ना रक्त, ना लग्न, ना लिंग.

‘ई.टी.’ (१९८२) मला आवडतो, पण त्याची नजर वेगळी आहे. वडील दुसऱ्या बाईबरोबर मेक्सिकोला गेलेत, हे जेवणाच्या टेबलावर मुलाच्या तोंडून निसटतं आणि आई उठून जाते. दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी स्वतः सांगितलंय की या गोष्टीचं मूळ त्यांच्या आई-वडिलांच्या घटस्फोटात आहे. दुःख खरं आहे. तरी तीन मुलांना एकटीनं वाढवणारी मेरी त्यात दमलेली, घाईतली, घरात परग्रहवासी वावरतोय हेही न दिसणारी अशीच राहते. बापाची जागा रिकामी, आणि ती भरायला कुणीतरी आकाशातून यायला हवं, हा त्या काळच्या विज्ञानपटांचा लाडका साचा. ‘कोई... मिल गया’ (२००३) याच वाटेनं जातो, पण रेखानं केलेली सोनिया मात्र मेरीपेक्षा कितीतरी भरीव. मुलाच्या शाळेसाठी भांडणारी आई तिथे पडद्यावर दिसते. पुढे ‘क्रिश’मध्ये (२००६) तीच सोनिया आजी होऊन नातवाला वाढवते. म्हणजे त्या टिपणात ‘एकल माता’ लिहून भागणार नाही. ‘आजीनं वाढवलेला मुलगा’ असं सरळ लिहावं लागेल. आणि तेच उत्तम मराठी आहे.

‘एलियन्स’ (१९८६) यादीत नसेल, त्या वयाला तो दाखवूही नये. पण शब्दासाठी महत्त्वाचा आहे. त्याची नायिका रिप्ली ५७ वर्षं अंतराळात गोठनिद्रेत असते. चित्रपटाच्या लांब आवृत्तीत कळतं की तेवढ्यात तिची मुलगी म्हातारी होऊन वारलीसुद्धा. मग तिला न्यूट नावाची एकटी उरलेली पोर भेटते. न्यूट तिची कोण? ‘दत्तक’ म्हणायला कागद लागतो, ‘मानलेली मुलगी’ म्हणायला कुणीतरी तसं जाहीर करावं लागतं. इथे दोन्ही नाही. पोरीला आणायला ती परत खाली उतरते, आणि शेवटी पोर तिला आई म्हणून हाक मारते. टिपणात याला मी ‘सांभाळलेली मुलगी’ म्हणेन. ‘पोसलेली’ नको, त्यात उपकार येतो.

आणि ‘इंटरस्टेलर’ला (२०१४) एकपालकी म्हणू नका. घरात मुलांचे आजोबा आहेत, आईचे वडील. सासऱ्याच्या हाती पोरं सोपवून अंतराळात निघालेला बाप कूपर हा सरळसरळ चाकरमानी आहे. २३ वर्षांचे साठलेले निरोप तो एका बैठकीत बघतो, तो प्रसंग आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही.

अलिबागहून

‘सावत्र’बद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. ‘सवत’ आणि ‘सावत्र’ एकाच कुळातले, मूळ संस्कृत ‘सपत्नी’. म्हणजे शब्द जन्मला तो एका नवऱ्याच्या दोन बायकांच्या घरात. आईच्या दुसऱ्या नवऱ्याला ‘सावत्र बाप’ म्हणताना आपण तो ताणून वापरतो, आणि वर जुन्या कहाण्यांतला छळ त्याला चिकटलेलाच. ‘अँट-मॅन’मध्ये (२०१५) नायक स्कॉटची घटस्फोटित बायको मॅगी, तिचा होणारा नवरा पॅक्स्टन, आणि मुलगी कॅसी. पॅक्स्टन कॅसीची मनापासून काळजी घेतो, आणि शेवटी सगळे एका टेबलावर जेवतात. त्याला ‘सावत्र बाप’ लिहिलंत तर मुलं पहिल्या मिनिटापासून त्याच्यात खलनायक शोधतील. ‘आईचा नवरा’ही कोरडं वाटतं. मी ‘कॅसीचे दुसरे बाबा’ लिहीन.

आणखी एक. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आला. कागद बदलला, तर ‘ई.टी.’च्या टिपणातही ‘वडील नसलेला एलियट’ऐवजी ‘मेरीचा मुलगा एलियट’ का लिहू नये?

गुहागरहून

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘मेरीचा मुलगा एलियट’ आजच लिहून टाकते. एकच अडलं. ‘स्टार वॉर्स’मधला (१९७७) ल्यूक ज्या ओवेन आणि बेरूकडे वाढतो, ते काका-काकू की मामा-मामी? इंग्रजीत एकच शब्द आहे, मुलं मात्र विचारणारच.

रत्नागिरीहून

काका-काकू. पहिल्या चित्रपटात नातं उलगडत नाही, पण नंतरच्या भागांत कळतं: ल्यूकची आजी श्मी हिनं ओवेनच्या वडिलांशी लग्न केलं, म्हणून ओवेन हा ल्यूकच्या बापाचा भाऊ. सावत्र म्हणावं तर आई वेगळी आणि बापही वेगळा, रक्ताचा संबंध शून्य. अलिबागच्या ताईंचा मुद्दा इथेही लागू. टिपणात ‘काका-काकूंनी वाढवलेला’ एवढं पुरे. श्मीबद्दल मुलांनी विचारलं तर सांगा, १९९९च्या भागात ती स्वतःच म्हणते की तिच्या मुलाला बाप नव्हताच. तिनं त्याला पोटात वाढवलं, जन्म दिला आणि लहानाचा मोठा केला. तिच्यासाठी ‘एकल माता’ बिनधास्त वापरा.