मदत हवी आहे: फक्त जीसीसीवर चालणारा जुना सी कोड क्लँगवरही कसा आणावा?

मंडळी, आमचा सी कोड बराच जुना आहे आणि आजवर तो फक्त जीसीसी या कंपायलरनेच बिल्ड झालाय. आता क्लँग या दुसऱ्या कंपायलरनेही व्हावा, असं ठरलंय. जीसीसीला रामराम ठोकून फक्त क्लँगवर जायचं नाहीये. दोन्ही चालायला हवेत.

अडचण जीसीसीच्या एक्स्टेन्शन्सची, म्हणजे प्रमाण सीमध्ये नसलेल्या त्याच्या खास सोयींची. स्टेटमेंट एक्स्प्रेशन्स (एक्स्प्रेशनच्या आत लिहिलेली स्टेटमेंट्स) क्लँगला चालतात, पण नेस्टेड फंक्शन्स (फंक्शनच्या आत लिहिलेली फंक्शन्स) आणि स्ट्रक्टमधले बदलत्या लांबीचे ॲरे अजिबात नाहीत. लिनक्स कर्नलमध्येही असे ॲरे होते, ते काढावे लागले. आमच्याकडची नेस्टेड फंक्शन्स बाहेरच्या फंक्शनची लोकल व्हेरिएबल्स वापरतात आणि कॉलबॅक म्हणून पुढे दिली जातात. कॉलबॅकला कॉन्टेक्स्ट पॉइंटर जोडायचा, तर सगळ्या सिग्नेचर्स बदलतात. याहून कमी तोडफोडीचा मार्ग कोणी वापरलाय का?

दुसरं, क्लँग स्वतःला जुना जीसीसी म्हणवतो (जीसीसीची व्हर्जन सांगणारा मॅक्रो तोही डिफाइन करतो, लबाड कुठला!). त्यामुळे व्हर्जन पाहून कोड निवडणाऱ्या आमच्या जुन्या इफडेफ अटी चुकीच्या फांदीत शिरतात. व्हर्जनऐवजी फीचर तपासावं हे पटतं, पण सुरुवात कुठून करावी?

अनडिफाइन्ड बिहेव्हियरची (सीचे नियम ज्याचा परिणाम ठरवून देत नाहीत अशा कोडची) धास्ती वेगळीच. दोन्हींचे ऑप्टिमायझर वेगळे, म्हणून इतकी वर्षं निमूट चाललेला कोड आता बिनसू शकतो. आधी सॅनिटायझर्स (कोड चालताना अशा चुका पकडणारी साधनं) जीसीसीवरच चालवून घ्यावेत का?

आणि रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या भाषा क्लँगसारख्याच एलएलव्हीएम या कंपायलर-पायावर उभ्या असताना, दोन्ही कंपायलर सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या बिल्ड-चाचणीत) कायम ठेवणं लहान टीमला झेपतं का? प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगा.