मदत हवी आहे: लंडनमधलं रोमन शहर पायी बघायचंय

मंडळी, पुढच्या महिन्यात बाबा लंडनला येतायत. मागच्या खेपेला टॉवर हिलच्या भिंतीपाशी अर्धा तास रेंगाळले. खाली दगडांमध्ये लाल विटांचे पट्टे आहेत ना, तेवढं रोमन, वरचं सगळं मध्ययुगीन, असं मलाच समजावत होते! आता अख्खं लंडिनियम (रोमन काळातलं लंडन) चालत बघायचंय म्हणे.

भिंत, मग वॉलब्रूकचं १९५४ साली उत्खननात सापडून गाजलेलं, आता जमिनीखाली असलेलं मिथ्रास या रोमन काळातल्या देवाचं मंदिर (देव नावाने वेदांतल्या ‘मित्र’चा भाऊबंद), मग गिल्डहॉल, म्हणजे जुनं नगरभवन. तिथे अंगणातल्या फरशीवर काळी गोल रेघ आखलीय, खाली रोमन अँफिथिएटर (खेळ-झुंजींचं गोलाकार खुलं मैदान) आहे.

बाबांचे गुडघे कुरकुरतात. हा क्रम एका दिवसात झेपेल? मधे टेकायला बाकं कुठे? आणि मंदिरापर्यंत लिफ्टने उतरता येतं का?