मदत हवी आहे: कुड्याचा अर्क, डीएसएस कोलायटिस आणि न उठणारा पीसीआर

कुडासाल (धागाकर्ता)
परळच्या लॅबमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याची जखमा करणारी सूज) कुड्याच्या सालीचा अर्क तपासणं चालू आहे. आयएईसीची (प्राण्यांवरच्या प्रयोगांची नैतिकता समिती) मंजुरी आहे. सी५७ जातीच्या उंदरांच्या माद्या, वय ८ आठवडे, गटात ६, एक गट एका केजमध्ये. ३ टक्के डीएसएस (डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, आतड्याला सूज आणणारं रसायन; आण्विक वजन ३६ ते ५० हजार) पिण्याच्या पाण्यातून ७ दिवस. साल मस्जिद बंदरच्या काष्ठौषधीच्या दुकानातली, अर्क ७० टक्के इथेनॉलमधला. तो डीएसएसच्याच बाटलीत २ मिग्रॅ/मिली मिसळला.

नुसत्या डीएसएसच्या गटात कोलन (मोठं आतडं, सुजलं की आखूड होतं) ५.५ सेंमी, अर्काच्या गटात ७, निरोगी गटात ८. वजनही फारसं उतरलं नाही. इथवर छान. पण क्यूपीसीआरमध्ये (आरएनएवरून जनुक किती चालू आहे ते मोजणारी चाचणी; सायकल उशिरा म्हणजे प्रमाण कमी) निरोगी गटाचा जीएपीडीएच (तुलनेचं जनुक, सगळ्या गटांत सारखं अपेक्षित) १८ व्या सायकलला येतो आणि डीएसएस गटांचा ३१ ला! टीएनएफ (सुजेचं जनुक) तर दिसतच नाही. २६०/२८० (शुद्धता दाखवणारं प्रकाशशोषणाचं गुणोत्तर) मात्र २.० आहे, म्हणजे चांगलं. आरएनए सडलाय का?

पिपेटवाला
सडलेला नसावा. जेलवर २८एस-१८एसचे (रायबोसोमल आरएनएचे) पट्टे बघून घ्या, बहुतेक स्वच्छ दिसतील. डीएसएस आतड्याच्या ऊतीत उरतं, आरएनएबरोबर येतं आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज व पॉलिमरेज ही पीसीआरची दोन्ही एन्झाइमं अडवतं. २६० नॅनोमीटरला ते प्रकाश शोषत नाही, म्हणून नॅनोड्रॉपला (प्रकाशशोषण मोजणारं यंत्र) पत्ता लागत नाही.

लिथियम क्लोराइडने धुवा. आरएनएच्या द्रावणात एक दशांश आकारमान ८ मोलर लिथियम क्लोराइड, बर्फावर २ तास, मग ४ अंशाला १४,००० जी वर ३० मिनिटं. वरचं पाणी टाका, गोळा आरएनेजमुक्त पाण्यात विरघळवा आणि हे सगळं पुन्हा एकदा. शेवटी सोडियम ॲसिटेट-इथेनॉल. थोडा आरएनए जातो, तेव्हा सुरुवात भरपूर घेऊन करा. निरोगी गटालाही हीच प्रक्रिया द्या, नाहीतर तुलना बिघडेल.

आतडेतज्ज्ञ
पीसीआर सुटेल हो, पण खरी गडबड बाटलीत आहे. कुडा कडू जहर. उंदराने ते पाणी कमी प्यायलं तर डीएसएसही कमी गेलं. रोज ५ मिली प्यायलं तर १५० मिग्रॅ डीएसएस, ३ मिली प्यायलं तर ९०. म्हणजे तुमच्या अर्काच्या गटाला प्रत्यक्षात १.८ टक्केच मिळालं असेल आणि आतडं त्यामुळेच वाचलं असेल. बाटल्यांची रोजची वजनं आहेत का?

कुडासाल
नाहीत.

आतडेतज्ज्ञ
मग कोलनचा तो ७ चा आकडा बाजूला ठेवा. अर्क गॅव्हाजनेच (नळीने थेट पोटात) द्या. २०० मिग्रॅ/किग्रॅ हवा असेल तर २० ग्रॅमच्या उंदराला ४ मिग्रॅ. २० मिग्रॅ/मिलीचं सस्पेन्शन ०.५ टक्के सीएमसीमध्ये (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, नुसतं वाहक), ०.२ मिली. नुसत्या डीएसएसच्या गटालाही तेवढंच सीएमसी त्याच नळीने, कारण गॅव्हाजच्या ताणानेही वजन उतरतं. एक गट सल्फासॅलाझिनचा (कोलायटिसचं नेहमीचं औषध) ठेवा. बाटल्या रोज तोला, डीएसएस दर दोन दिवसांनी ताजं करा.

गट केजनुसार पाडू नका. केजागणिक आतड्यातले जीवाणू बदलतात आणि डीएसएसचा जोरही. प्रत्येक गटाला दोन-तीन केज द्या. सगळे गट एकाच केजमध्ये घालायचा मोह होईल, पण उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, अर्क इकडचा तिकडे जातो.

आणि डीएसएसबरोबरच अर्क सुरू केला तर तो बचाव झाला, उपचार नव्हे. उपचार म्हणायचं तर रक्त दिसू लागल्यावर सुरू करा. डीएसएस थांबवल्यावर आतडं आपणहून भरतं, म्हणून त्या दिवसांचा सीएमसी गट हवाच.

पानफूल
सालीची ओळख कोणी केली? पांढऱ्या कुड्यात (होलॅऱ्हेना) काळ्या कुड्याची (राइटिया टिंक्टोरिया) साल सर्रास मिसळलेली असते. सुक्या तुकड्यावरून डोळ्यांनी ठरवू नका. कोनेसिनच्या (पांढऱ्या कुड्यातलं अल्कलॉइड) मानकाबरोबर टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) करा, ड्रॅगेनडॉर्फ (अल्कलॉइड दाखवणारं द्रावण) फवारा, नारिंगी ठिपका यायला हवा. पुढची साल फुला-शेंगांच्या झाडावरून घ्या: पांढऱ्याच्या जोडशेंगा सुट्या, काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या. नमुना सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममधल्या (सुक्या वनस्पतींचा संग्रह) नमुन्यांशी ताडून घ्या.

आणि पावसाळ्यात तो सुका अर्क उघडा ठेवू नका. दमट हवेत तासाभरात गुळासारखा होतो, मग तुमच्या २० मिग्रॅमध्ये पाणी किती ते तुम्हालाच कळणार नाही. डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारं बंद भांडं) ठेवा, एकेका दिवसाच्या कुप्या भरून. डीएसएसची बरणीही तिथेच.